न घेणारे इवाई

माझ्या इवायांना काही देऊन दाखवेल असा माणूस आमच्या गोंदिया जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे, हे मी कोहमाऱ्याच्या चौकात उभं राहून कितीक वर्षं सांगत आलो आणि एकानेही मला खोटं पाडलं नाही. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. जगात सगळीकडे मुलाचा बाप मान मिळाला नाही म्हणून रुसतो. आमचे इवाई मान मिळाला म्हणून रुसायचे. टोपी दिली की तोंड फुगलं, धोतर दिलं की जेवण सोडलं. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, पुढची मला टायरांनी शिकवली. हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे. नाना देशांचे ड्रायव्हर पाहिले, पण असा माणूस एकाही ट्रकमधून उतरला नाही.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात लग्न झालं. रिवाजाप्रमाणे मी इवायांना धोतरजोडी, शेला आणि टोपी केली. त्यांनी घेतली, कपाळाला लावली, हसले. मला वाटलं, सोयरीक भली मिळाली. वरात अर्जुनी मोरगावकडे गेली आणि इकडे मांडवाचे बांबू निघायच्या आत त्यांचा माणूस सायकलीवर दारात हजर. मागे बांधलेली धोतरजोडी, शेला, टोपी, वर चिन्नोर तांदळाचं बोचकं. म्हणतो कसा, "मालकानं धाडलं. म्हनले, इवायाचं उसनं ठेवाचं नाही." आहेराला उसनं म्हणणारा माणूस! मीही काही वाऱ्यावर वाढलो नव्हतो. मी शिंगाड्याची टोपली धाडली, त्यांच्या बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या, मासोळ्या आल्या. मासोळ्यांवर मी कोंबडा धाडला, तर कोंबडाही आला आणि संगं तलंग, म्हणजे कोवळी कोंबडीही आली. मी बकरी न्यायला काढली तेव्हा आमची बुढी, म्हणजे माझी बायको, दारात आडवी उभी राहिली. "तुमाले त्यायच्या घरी हत्ती पोचवाचा हाये का?" म्हणाली. हत्ती कुठे मिळत नाही म्हणून तो विषय तेवढ्यावर थांबला, नाहीतर मी थांबलो नसतो.

आणि हे फक्त माझ्याशीच होतं असं नाही. एसटीत त्यांना कोणी जागा दिली तर ते बसायचे खरे, पण काट्यावर बसल्यासारखे. नवेगावला कोणी म्हातारी चढली की हे आधी उठून उभे, चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान. बाजारात एकदा एका अनोळखी माणसाने त्यांना तंबाखूची चिमूट दिली. तो माणूस गर्दीत निघून गेला. मग हे पुढे कितीतरी बाजार खिशात तंबाखूची पुडी घेऊन त्याला शोधत हिंडले. सापडला तेव्हा त्या बिचाऱ्याला काही आठवेना. तो घाबरून म्हणाला, "मी नाही जी तो." हे म्हणाले, "तूच हायेस, तुह्या मिशा पाहून ठेवल्या होत्या मी." आणि पुडी त्याच्या हातात कोंबून मोकळे झाले. माझ्या दुकानी आले की चहा घ्यायचे, आणि कप खाली ठेवला की बाह्या सरसावून ट्यूब पाण्याच्या टाक्यात बुडवायला बसायचे. शुभ्र धोतरातला, शेती-बोडीचा मालक बुडबुडे शोधतो आहे हे पाहून ड्रायव्हर लोक मला विचारायचे, "चाचा, नया आदमी रखा क्या?" मी म्हणायचो, "समधी है." ते माझ्याकडे असे पाहायचे की जणू मीच यांना राबवतो.

या माणसाच्या हृदयाने दगा दिला तो कचारगडला. माघात तिथे मोठी यात्रा भरते, आणि हे दरसाल गुहेपर्यंत चढून जायचे, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना मागे टाकून. त्या साली अर्ध्या वाटेत खाली बसले. ओठ निळे, श्वास भात्यासारखा. छत्तीसगडकडची एक बाई वरून उतरत होती. तिने आपल्या लोट्यातलं पाणी यांच्या तोंडाला लावलं. दोन घोट पोटात गेले तशी यांना वाचा फुटली, आणि त्यांनी काय विचारलं असेल? "बाई, तुमी कोन्या गावच्या?" जीव जायची वेळ आली होती आणि यांना लोटाभर पाण्याची परतफेड करायला पत्ता पाहिजे होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी यंत्रं लावून पाहिलं आणि सांगितलं की हृदयाचे स्नायूच ढिले पडले आहेत. ते फुगलं आहे, रक्त फेकायची ताकद राहिली नाही. जावई, म्हणजे इवायांचा मुलगा, गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला समजावलं. ट्यूब दोन तऱ्हेने जाते. एकीच्या वॉलात, म्हणजे हवा भरायच्या तोंडात, कचरा अडकतो, तो काढला की गाडी चालते. दुसरीचं रबरच विरतं, हवा भरली की फुगते आणि धरत मात्र काही नाही. तिच्यावर ठिगळ टिकत नाही. शेजारच्या खाटेवर गोंदियाचा एक व्यापारी होता, त्याच्या नळ्यांत चरबी अडली होती. त्याच्या नळीत जाळी बसवली आणि तो हसत घरी गेला. इवाई त्याच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "त्याचं साफ होते, माहं काऊन नाही?" डॉक्टरांनी औषधांवर एक-दोन वर्षं ढकलली. मग स्पष्ट सांगितलं की आता दुसऱ्याचं हृदय बसवणं हाच इलाज, चेन्नईला जा. पैशाचं काय, असं तुम्ही विचाराल. थोडी धर्मादाय मदत झाली, थोडी बांधी, म्हणजे धानाची जमीन, विकली गेली. त्या रडगाण्यात मी जात नाही.

जावयाला नोकरी, ईन, म्हणजे विहीणबाई, गुडघ्यांनी अधू, तेव्हा माझी लेक आणि मी असे दोघे त्यांच्यासोबत गेलो. मला मद्रासी येते. तण्णी म्हणजे पाणी आणि साप्पाड म्हणजे जेवण, एवढ्यावर माणूस कुठेही जगतो. दवाखान्याजवळ खोली घेतली. तिथल्या बाकड्यांवर सारा देश बसलेला, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या हृदयाची वाट पाहतो आहे. इवायांनी आठवड्याभरात सगळ्यांची कुळं पाडली. आमच्याकडे नवा माणूस भेटला की आधी कूळ विचारतात, तसं हे छातीकडे बोट दाखवून विचारायचे, "क्या बिमारी?" ज्यांच्या नळ्या बुजून हृदयाचा तुकडाच मेला ते नळीवाले. ज्यांचे स्नायू ढिले ते ढिले. पडदे खराब झाले ते झडपवाले, आणि जन्मतःच ज्यांच्यात खोट होती ते जन्मवाले. ढिल्यांचं कूळ सगळ्यांत वरचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. नळीवाल्यांना ते जरा पायरीने खालचे समजायचे. "यायनं खाऊन-पिऊन, बिड्या ओढून केलं. आमचं तसं नाही."

तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई हिंदी बोलत. इवायांनी त्यांनाच पंच नेमलं. विचारलं, कोणत्या कुळाचं भलं होतं? बाई हसल्या, पण माणूस मोठा. त्यांनी बसून नीट सांगितलं. पूर्वी इथे नळीवालेच जास्त यायचे. आता जाळ्या आल्या, औषधं आली, तेव्हा नवं हृदय घेणाऱ्यांत ढिलेच जास्त दिसतात. पुढची वर्षंही साधारणपणे ढिल्यांना थोडी बरी जातात, कारण नळीवाल्यांचा रोग नुसत्या हृदयात नसतो, साऱ्या अंगातल्या नळ्यांत असतो. जन्मवाल्यांची छाती आधीच कापून-शिवून झालेली, म्हणून त्यांची सुरुवात फार अवघड. पण तेवढा घाट चढला की ते लांब पल्ला मारतात. आणि एकदा बसवलेलं हृदय निकामी होऊन जे दुसऱ्यांदा येतात, त्यांची वाट सगळ्यांत कठीण. हे ऐकून इवाई बाकड्यावर असे ताठ बसले की जणू त्यांच्या कुळाला जहागीर मिळाली. मग त्यांनी विचारलं, "अन् आमचे स्नायू ढिले काऊन होतेत?" मी हिंदी करून सांगितलं. बाई म्हणाल्या, कधी घराण्यातून येतं, कधी एखाद्या तापातून, कधी दारूने. तुमच्यासारख्यांचं पुष्कळदा कारणच सापडत नाही. इवायांचा चेहरा पडला. वरचं कूळ, पण मूळ पुरुष बेपत्ता. शेजारचा नळीवाला एवढा हसला की नर्स धावत आली.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग बाईंनी सही घेण्याआधी समजावून सांगितलं की हृदय कुठून येतं. कोणाचा अपघात होतो, मेंदू मरतो, परत यायची आशा उरत नाही, हृदय तेवढं काही वेळ चालू असतं. तेव्हा घरचे लोक छातीवर दगड ठेवून हो म्हणतात.

इवाई म्हणाले, "मंग त्यायचं नाव?"

"नाम नहीं बताते. न आपको उनका, न उनको आपका."

"गाव?"

"गाँव भी नहीं."

"मंग आहेर कुठी पोचवाचा?"

बाईंना कळेना. मी समजावलं की हे विचारतात, त्या लोकांना परत काय द्यायचं. बाई म्हणाल्या, "उनको कुछ नहीं चाहिए." बस, तिथेच बिघडलं. इवाई उठले. "ज्याले काही नाही पाह्यजे, त्याच्यापासून मी काही घेत नाही," म्हणाले आणि भिंतीला हात लावत, दम खात खोलीवर आले. जन्मभर ज्याने स्वतःच 'मले काही नाही पाह्यजे' म्हणून लोकांना पिडलं, त्याला तेच ऐकून घेणं जड गेलं.

बाईंनी मला दाराशी थांबवून सांगितलं की हृदय मिळालं नाही तर पुढचं धान हे पाहणार नाहीत. खोलीवर माझी लेक रडून, रागावून थकली. "मामाजी, पोरायकडे तरी पाहा," म्हणाली. ते तिच्याशी कधी उंच आवाजात बोलले नव्हते, तेव्हाही नाही बोलले. एवढंच म्हणाले, "माय, मी माह्याच दिलानं जाईन. उसन्या दिलानं मले झोप नाही येनार." जावयाने फोनवर हात जोडले. काही उपयोग झाला नाही. अडेल माणसाला समजदार लोक काय समजावणार? त्याला दुसरा अडेलच पाहिजे. सकाळी मी त्यांना घेऊन दवाखान्याच्या कडुनिंबाखाली बसलो. लेक चहाचा थर्मास घेऊन मागे होती.

म्हणालो, "इवाई, माह्या पोरीच्या हातचं कितीक वर्सांपासून खाऊन राहिले तुमी?"

"तुमीच मोजा. काऊन?"

"ते पोरगी तुमाले कोनं देल्ली?"

"तुमी देल्ली."

"मंग तिचा आहेर कधी आला माह्या घरी? धोतराचं धोतर आलं. कोंबड्याचा कोंबडा आला, वरून तलंग आली. पोरीच्या बदल्यात का धाडलं तुमी?"

"पोरीच्या बदल्यात कोनी काही धाडते का जी?"

"काऊन नाही धाडत?"

त्यांनी धोतराचा सोगा मांडीवर नीट केला. मग म्हणाले, "फिटतच नाही ते."

"फिटत नाही हे मालूम होतं, मंग घेतली कायले? धोतर वापस करता, टोपी वापस करता, अन् पोरगी बरी ठेवून घेतली! लाज नाही वाटली?"

"इवाई, लेक लेक असते."

"मंग हे का होये?" मी त्यांच्या छातीवर बोट ठेवलं. "तिकडं कोन्याचं लेकरू चाललं. तो बाप म्हनते, माह्या घरी नाही तं नाही, दुसऱ्याच्या घरी तरी नांदू द्या. त्याले धोतर नाही पाह्यजे, टोपी नाही पाह्यजे. तो लेकीचा बाप हाये. अन् तुमी त्याले दारातून वापस धाडता? लेकीच्या बापाले? कोन्या कुळात होते असं?"

कडुनिंबाचा पाला अंगावर पडत होता, तो त्यांनी झटकलाही नाही. "तुमी लय बोलता," म्हणाले. मी म्हणालो, "बोलनार. हवा भरायचाच धंदा हाये माहा." मागे लेक पदर तोंडाशी धरून उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग गुडघ्यावर हात टेकत उठले. "चाला. डॉक्टरनीले सांगा, नांदवतो म्हनून."

हृदय आलं ते एका दुपारी. आम्ही भातावर सांबार ओतून घेत होतो तेवढ्यात फोन वाजला. ताट तसंच राहिलं. कुठून आलं, कोणाचं आलं, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. एवढं पाहिलं की एक निळी पेटी घेऊन माणसं पळत गेली आणि साऱ्या दवाखान्याने भिंतीला लागून वाट करून दिली. काही दिवसांनी मला तोंडाला फडकं बांधून आत सोडलं. नळ्यांच्या जंगलात इवाई पडलेले. डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं आणि पुटपुटले, "इवाई, पानी पाजा." सतरा-अठरा वर्षांच्या सोयरिकीत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. नर्सने एक चमचा दिला, मी पाजला. बदल्यात त्यांनी काहीच विचारलं नाही.

पुढे तपासण्यांसाठी काही महिने तिथेच राहावं लागलं. नव्या पाहुण्याला अंग नाकारू नये म्हणून गोळ्या घड्याळावर घ्यायच्या, पाणी उकळलेलं, गर्दी वर्ज्य. बाकड्यावरची कुळं बाई म्हणाल्या तशीच वागली. ओडिशाचा एक जन्मवाला मास्तर महिनाभर जीव मुठीत धरून होता, आणि नंतर असा सुधारला की आम्हा सगळ्यांच्या पुढे चालायचा. नळीवालाही बरा झाला, पण त्याच्या पायाच्या नळ्यांचं दुखणं सुरू झालं. बंगालचा एक जण दुसऱ्यांदा हृदय घ्यायला आला होता, तो गेला. त्या दिवसापासून इवायांनी कुळं मोजणं बंद केलं. कोणी नवा येऊन बसला की सरकून त्याला जागा करून द्यायचे, एवढंच.

गावी परतल्यावर मात्र एक नवीनच माणूस आम्हाला पाहायला मिळाला. त्यांनी आपल्या मनाने हिशेब मांडला होता. देणारं घर कोणतं ते माहीत नाही, म्हणजे ते कोणतंही असू शकतं. मग नाही कोणाला म्हणायचं? ज्याला नाही म्हटलं तोच लेकीचा बाप निघाला तर? माझ्या दुकानापुढे मद्रासी पासिंगची गाडी थांबली की हे तोंडाची पट्टी सावरत उभे राहून ड्रायव्हरला हात जोडायचे, "राम राम, इवाई." लुंगीवाला ड्रायव्हर चक्रावून मागे पाहायचा. एकाने थर्मासमधली कॉफी पुढे केली. डॉक्टरांनी बाहेरचं घ्यायला मनाई केलेली. यांनी कप दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे दिला, "तुमी प्या, माह्या नावानं." एसटीत कोणी उठला तर टेकून बसतात आणि अर्जुनीपर्यंत उठत नाहीत. कोणी काकडी दिली, कोणी भेंड्या दिल्या, सगळं घेतात, घरी नेऊन उकळायला लावतात. लोक म्हणतात, म्हातारा लोभी झाला. म्हणोत. आता माणसाला काय द्यावं हे मी सांगतो, आणि घ्यावं कसं हे ते सांगतात. या जिल्ह्यात दोन्ही बाबतींत आम्हाला विचारल्याशिवाय कोणी बोलू नये.

त्यांच्या अंगणात धान पसरलं होतं तेव्हा मी गेलो. नवीन धोतरजोडी नेली, चांगल्या काठाची, मुद्दाम भारी. म्हटलं, पाहू आता काय करतात. त्यांनी ती मांडीवर घेतली, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मस्त हाये जी. दिवाळीले नेसीन." बस. माझ्या लेकीने भात वाढला, आम्ही जेवलो, मी परत आलो. दुसऱ्या दिवशी अर्जुनीकडून येणारी पहिली गाडी पाहिली. मग दुपारची पाहिली. चार-आठ दिवस मी हातातलं काम टाकून येणाऱ्या प्रत्येक सायकलीच्या मागे काय बांधलं आहे ते पाहत होतो. काहीही आलं नाही. मी जिंकलो, हे मी चौकात सांगायला पाहिजे होतं. पण दिवस कलेपर्यंत रस्त्याकडे पाहत बसलो, आणि बुढीने विचारलं, "कोनाची वाट पाहून राहिले जी?" तर म्हणालो, "कोनाची नाही."